जात्याची टाकी : अवजारांचे संग्रह आणि नावांचे संग्रह

हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यातील आखाडा बाळापूर हे हिंगोली-नांदेड मार्गावरील बाजारपेठेचे गाव होय. अकोला जिल्ह्यातील बाळापूर निराळे. ते वऱ्हाडातले, हे मराठवाड्यातले. कळमनुरी तालुका १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ मध्ये उर्वरित मराठवाड्याबरोबर तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन झाले तेव्हा नव्या हिंगोली जिल्ह्यात समाविष्ट झाला. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाडी बोलीचा प्रदेश लागतो. पूर्वेस नांदेडच्या पलीकडे तेलुगू सुरू होते. राज्यकारभाराची भाषा दीर्घ काळ फारसी आणि पुढे उर्दू होती. अशा मुलखात सुताराची पेटी उघडली असता भाषेच्या अभ्यासकाला त्या पेटीत हत्यारांबरोबरच शब्दांचेही थर रचलेले आढळतात. करवत हा शब्द संस्कृत ‘करपत्र’ या शब्दापासून आलेला आहे. रंधा फारसीतून आला. गिरमिट युरोपीय लोकांबरोबर आले. शेजारच्या लोहाराकडे गेल्यास सांडस हा ‘संदंश’ या शब्दाचा वंशज निघतो, भाता ‘भस्त्रा’ या शब्दाचा. मात्र भोक पाडण्याचा सुंबा पुन्हा फारसी. खुद्द ‘अवजार’ हा शब्दही फारसीच्याच वाटेने मराठीत उतरलेला आहे. सुताराच्या नावाचा माग तर ‘सूत्रधार’ या शब्दापर्यंत, म्हणजे त्याच्या रेघ आखण्याच्या दोरीपर्यंत जातो. मापनाची दशमान पद्धती देशात येऊन साठाहून अधिक वर्षे लोटली. तरी इंचाच्या आठव्या भागाला सुतार आजही ‘सूत’च म्हणतो.

जुन्या आणि विशिष्ट कामाच्या हत्यारांचा संग्रह करणे ही गोष्ट गेल्या सव्वाशे वर्षांत जगात अनेक ठिकाणी घडली. शब्दांचा संग्रह करणे त्याहूनही जुने. परंतु या दोन उद्योगांचा इतिहास पाहू गेल्यास ते बहुधा एकमेकांना न भेटता चाललेले दिसतात. वस्तू गोळा करणाऱ्याने नावाकडे दुर्लक्ष केले, नाव टिपणाऱ्याने वस्तू हातात घेतली नाही; आणि दोहोंच्या मधल्या जागेतून जे निसटले ते केवळ नाव किंवा केवळ हत्यार नव्हते. काही ठिकाणी अख्खा माणूस निसटला. पुढील विवेचनाचा रोख या शेवटच्या गोष्टीवर आहे.

वस्तुसंग्राहकांच्या परंपरेत अमेरिकेतील हेन्री चॅपमन मर्सर याचे नाव आधी घ्यावे लागते. पेन्सिल्व्हेनियातील डॉइल्सटाउन या गावचा हा पुराणवस्तुशास्त्रज्ञ. १८९७ मध्ये मोडीच्या दुकानातील अडगळ चाळताना त्याच्या ध्यानात आले की, यंत्रयुगाने टाकून दिलेली ही हत्यारे म्हणजेच नुकत्याच संपलेल्या एका युगाचे अवशेष आहेत. उत्खनन करणाऱ्याने जमिनीखाली जे शोधावयाचे ते येथे जमिनीवरच पडलेले होते! त्याच वर्षी त्याने आपल्या संग्रहाचे प्रदर्शन भरविले आणि १९१६ पर्यंत काँक्रीटची एक प्रचंड इमारत उभी करून त्यात तो संग्रह ठेवला. १९२९ मध्ये प्रसिद्ध झालेला सुतारांच्या प्राचीन हत्यारांवरील त्याचा ग्रंथ आजही वाचला जातो. फ्रान्समध्ये पॉल फेलर या जेझुइट धर्मगुरूने जमविलेल्या हत्यारांतून १९७४ मध्ये त्र्वा या शहरी हत्यारांचे संग्रहालय उघडले. तेथे दहा हजारांहून अधिक हत्यारे मांडलेली आहेत. त्यांतील कित्येक अशी की, एकाच धंद्यातील एकाच कृतीसाठी ती घडविलेली असून त्या धंद्याबाहेरच्या माणसाला त्यांचा उपयोग नुसते पाहून ओळखता येणार नाही.

महाराष्ट्रात या वृत्तीचा थोर प्रतिनिधी म्हणजे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०). ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करणाऱ्या या गृहस्थाने १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला, आणि पुण्यातील आपल्या राहत्या वाड्याचे हळूहळू वस्तुसंग्रहालय करून टाकले. अकाली निधन पावलेल्या ‘राजा’ या पुत्राचे नाव त्यांनी संग्रहालयास दिले व १९७५ मध्ये हजारो वस्तूंचा तो ठेवा महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. दिवे, कुलपे, दौती, वाद्ये, स्वयंपाकघरातील भांडी आणि विशेष म्हणजे अडकित्ते यांचा त्यांचा संग्रह कोणाही पाहणाऱ्याला थक्क करतो. सुपारी कातरण्याच्या एवढ्याशा हत्याराला कारागिराने स्त्री-पुरुषांची, पशुपक्ष्यांची किती रूपे दिली असतील याची कल्पना तेथे गेल्याखेरीज येत नाही. राजे-सरदारांच्या शस्त्रास्त्रांऐवजी घरगुती वस्तूंत एका प्रदेशाचा इतिहास पाहणे ही त्या काळी मोठीच दृष्टी होती.

तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. संग्राहकाचा डोळा कितीही उदार असला तरी तो प्रथम सौंदर्याकडे वळतो. नक्षीचा अडकित्ता संग्रहात येतो. चांभाराची रापी सहसा येत नाही. पितळेची दौत येते, लोहाराचा सुंबा लोहाराकडेच राहतो, आणि तेथेही तो फार काळ टिकत नाही. याला कारण लोहाराची काटकसर. गावातील लोहार लोखंड टाकून देत नाही. नांगराचा झिजलेला फाळ भट्टीत जाऊन त्याचे खुरपे होते, खुरप्याचे पाते संपत आले की त्याची छिन्नी होऊ शकते. लाकडी दांडे वाळवी खाते किंवा चूल जाळते. त्यामुळे गेल्या शतकातील साधे, बिननक्षीचे हत्यार मूळ रूपात सापडणे हे नक्षीदार अडकित्ता सापडण्याहून अधिक दुर्मिळ ठरते. जे सापडते ते संग्राहक पुष्कळदा घासूनपुसून लखलखीत करतो, आणि वाकसाच्या दांड्यावर एका माणसाच्या पकडीने वीस वर्षांत जो खळगा पडला होता तो पॉलिशखाली नाहीसा होतो. हौशी माणसाच्या हातून घडणारा हा एक निष्पाप विध्वंसच म्हणावयाचा.

आता शब्दसंग्राहकांकडे वळू. मराठीतील कारागिरांच्या हत्यारांची सर्वांत जुनी आणि सर्वांत सुंदर नामावळी कोशात नसून संतवाङ्मयात आहे. नरहरी सोनारांच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या एका अभंगात बागेसरी, मूस, हातवडा, कातरी, ताजवा, पोतडी अशी सोनाराच्या दुकानाची जवळजवळ पूर्ण मांडणी आध्यात्मिक रूपकासाठी योजिली आहे. अभंग गाणाऱ्या शेकडा नव्वद लोकांना बागेसरी म्हणजे सोनाराची शेगडी हे आज सांगावे लागते. वस्तू व्यवहारातून उठली, तिचे नाव गाण्यात राहिले. ज्या नरसी गावी नामदेवांचा जन्म झाला असे मानतात ते हिंगोली जिल्ह्यातच आहे. शीखांच्या ग्रंथसाहेबात त्यांची जी एकसष्ट पदे समाविष्ट आहेत त्यांपैकी एकात शिंप्याचा गज आणि कातर यांवर मन व जिव्हा यांचे रूपक केलेले आढळते. हिंगोलीकडील शिंप्याची हत्यारे अशा रीतीने पंजाबात पोहोचली, पण ती नावांच्या रूपाने.

कोशकारांत मोल्सवर्थचा मान पहिला. १८३१ मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम निघाला व १८५७ मध्ये त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती झाली. धंद्यांतील शब्दांविषयी त्याला जी आस्था होती ती पुढील कित्येक एतद्देशीय पंडितांना नव्हती. पंडितांना ते शब्द ग्राम्य वाटत. परंतु मोल्सवर्थचे काम मुंबई सरकारच्या आश्रयाने झालेले. कळमनुरीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, त्या सरकारच्या हद्दीबाहेर होता. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२-३८) हे क्षेत्र पुष्कळच विस्तारले. त्यात सुतारी, सोनारी, चांभारी अशा धंद्यांच्या खुणा शब्दांपुढे घातल्या आहेत आणि वऱ्हाडी, नागपुरी, गोव्याकडील अशा प्रदेशांच्याही. त्या कोशात ‘बदलापूर’ असा हवाला ठिकठिकाणी येतो. तो ना. गो. चापेकर यांच्या ‘बदलापूर’ या १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा. निवृत्त न्यायाधीशाने आपल्या एका गावाची जमीन, माणसे, घरे, धंदे आणि त्यांची भाषा यांची एवढी बारकाईने केलेली पाहणी मराठीत दुसरी नाही असे म्हटल्यास वावगे होणार नाही. त्याआधी १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ निघाला होता. पण आत्र्यांचे लक्ष कारू-नारूंच्या हक्कांवर आणि रयतेवर पडणाऱ्या भारावर होते, त्यांच्या हातांतील वस्तूंवर नव्हते.

वस्तू आणि शब्द एकत्र पाहिले पाहिजेत हा विचार युरोपात सूत्ररूपाने मांडला गेला तो १९०९ मध्ये, रूडॉल्फ मेरिंगर आदींनी ‘शब्द आणि वस्तू’ याच नावाचे नियतकालिक सुरू केले तेव्हा. शब्दाचा इतिहास त्या वस्तूच्या इतिहासावाचून कळत नाही, हा त्यांचा आग्रह होता. त्याचे सर्वांत भरीव फळ म्हणजे याबेर्ग व यूड यांचा इटली आणि दक्षिण स्वित्झर्लंड यांचा भाषिक नकाशासंग्रह (१९२८-४०). त्यासाठी खेडोपाडी हिंडलेल्या पाउल शॉयरमायर याने शेतकऱ्यांना शब्द विचारताना त्यांच्या अवजारांची छायाचित्रे घेतली व आकृत्याही जमविल्या. मात्र ही दृष्टी भारतात त्याहून जुनी आहे, हे येथे अभिमानाने नव्हे पण अचूकपणासाठी सांगितले पाहिजे. ग्रियर्सनने १८८५ मध्ये बिहारच्या शेतकरी जीवनावर जो ग्रंथ छापला त्यात नांगरापासून कुंभाराच्या चाकापर्यंत प्रत्येक अवजाराचे, त्याच्या प्रत्येक भागाचे जिल्ह्यागणिक नाव दिले आहे आणि सोबत चित्रेही आहेत. चित्राखाली नाव आणि नावाशेजारी जिल्हा, ही त्याची पद्धत. इंग्लंडात सुतारकामाच्या हत्यारांचा असा सचित्र कोश आर. ए. सालमन याच्या हातून व्हावयास १९७५ साल उजाडावे लागले.

मराठवाड्याच्या दृष्टीने याहून अधिक बोचणारी तुलना जवळचीच आहे. जुन्या हैदराबाद राज्याच्या तेलुगू भागात आणि आंध्रात भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी धंद्यांच्या शब्दांचा बोलीकोश हाती घेतला. त्याचा शेतीविषयक खंड १९६२ मध्ये व हातमागाचा खंड १९७१ मध्ये आंध्र प्रदेश साहित्य अकादमीने प्रसिद्ध केला. गावोगावच्या शेतकऱ्यांना व विणकरांना अवजारांचे भाग दाखवून त्यांची नावे विचारावी, ती नकाशावर मांडावी, असा तो उपक्रम. १९५६ पर्यंत एकाच राज्यात असलेल्या दोन भाषांपैकी एकीला हा कोश मिळाला. मराठीत त्याच दशकात अ. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बोलींची पाहणी सुरू झाली व १९६३ पासून तिचे ग्रंथ निघाले. ते उत्तम आहेत. पण कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली, काणकोणची कोंकणी, कासरगोडची मराठी ही त्यांची क्षेत्रे पाहिली की मोजणीदार किनाऱ्याकिनाऱ्याने गेले हे स्पष्ट होते. मराठवाड्यातील बोलीला त्या मालिकेत ग्रंथ लाभला नाही. डेक्कन महाविद्यालयाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने अलीकडे सर्व जिल्ह्यांतील बोलींची जी पाहणी केली तीत मराठवाडा आला, ही समाधानाची गोष्ट आहे.

नावाचा प्रदेश का महत्त्वाचा, याचे एक साधे उदाहरण देता येईल. पेरणीपूर्वी जमीन खरवडून तण उपटणाऱ्या आडव्या पात्याच्या औताला देशावर कुळव म्हणतात. मराठवाड्यात आणि विदर्भात तोच वखर. पुण्याच्या एखाद्या संग्रहालयात हिंगोलीकडून आलेल्या वखरावर ‘कुळव’ अशी चिठ्ठी लागली तर वस्तूची ओळख पटते, पण तिचा गाव पुसला जातो. तिफणीत तर नावच मोजमाप सांगते. तीन फण म्हणून तिफण, चार असते तर चौफण. परंतु तिच्या चाड्यात दाणे सोडणाऱ्या बाईच्या मुठीचा वेग कोणत्याच चिठ्ठीत येत नाही, आणि पीक दाट येणार की विरळ हे त्या मुठीवर ठरे.

इतका वेळ ज्याकडे जावयाचे होते ते उदाहरण आता घेऊ. जात्याइतकी संग्रहालयात सुलभ झालेली दुसरी वस्तू नसेल. काळ्या दगडाच्या दोन तळ्या, लाकडी खुंटा, मध्ये खीळ. ते अंगणात शोभेसाठी ठेवले जाते, हॉटेलांच्या दारात ठेवले जाते. जात्याभोवतीच्या शब्दांचाही संग्रह झाला, आणि तो विस्मयकारक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातील खेड्यांतून दळणाऱ्या स्त्रियांच्या ओव्या लिहून घेण्यास आरंभ केला. त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे १९९६ मध्ये त्यांची ध्वनिमुद्रणेही झाली. अशा रीतीने जाते टिकले, दळणारीचा आवाज टिकला. पण जाते दळते कशाने, हा प्रश्न या दोन्ही संग्रहांच्या मधोमध पडून राहिला.

दगड स्वतःहून दळीत नाही. नव्या जात्याच्या दोन्ही तळ्यांच्या आतल्या बाजूस बारीक खाचा असतात आणि त्या दाणा पकडतात. दख्खनचा काळा दगड कठीण खरा, पण दररोजच्या ज्वारीने तोही गुळगुळीत होत जातो. मग दाणा नुसता घसरतो, चुरडतो, पीठ तापते आणि दळणारीच्या खांद्यावर दुप्पट भार येतो. अशा वेळी जात्याला टाकी लावावी लागे. टाकी म्हणजे लहानशी, पोलादी टोकाची छिन्नी. वरची तळी उतरवून, दोन्ही तळ्यांच्या पृष्ठभागावर मध्यापासून कडेकडे एकेक घाव घालीत जावयाचे. घाव खोल गेला तर दगडाचा कपचा निघून जाते बिघडते, उथळ पडला तर आठवड्यात पुन्हा बोथट होते. काम आटोपल्यावर पहिले दळण कोंड्याचे किंवा टाकाऊ धान्याचे, कारण त्यात दगडाची कच येते. टाकीचे टोकही फार वेळ टिकत नाही. ते लोहाराकडे नेऊन तापवावे, ठोकावे आणि त्यास पुन्हा पाणी द्यावे लागे. एका भाकरीमागे दगड घडविणारा, टाकी लावणारा आणि टाकीला पाणी देणारा असे तीन कारागीर उभे असत. मराठीत टाकीच्या घावांवाचून देवपण येत नाही अशी म्हण आहे. मूर्तीला घाव एकदाच सोसावे लागतात. जात्याने ते जन्मभर, वर्षातून कितीदा तरी सोसले, पण त्याच्यावर म्हण झाली नाही.

‘टाकी’ हा शब्द संस्कृत ‘टङ्क’, म्हणजे पाथरवटाची छिन्नी, या शब्दापासून आलेला आहे. याच शब्दावरून गावोगाव हिंडून जात्यांना टाकी लावणाऱ्या लोकांचे नाव पडले : टकारी, वऱ्हाडात टाकणकार. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातील जाती-जमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात टाकणकारांचा निर्देश पारध्यांच्या एका शाखेत करून त्यांचा हा व्यवसाय नोंदविला आहे. म्हणजे हत्यारावरून नाव मिळालेला हा समाज होता. लोहार, सोनार यांची नावे त्यांच्या धातूवरून आली. टकाऱ्याचे नाव त्याच्या हातातील वस्तूचेच.

परंतु सरकारी कागदांत त्याची गाठ निराळ्या शब्दांशी पडली. १८७१ पासून आलेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी हिंडणाऱ्या अनेक समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्थिर गाव नसणे हेच संशयाचे कारण झाले, मग ते गाव नसणे धंद्याच्या स्वरूपामुळे का असेना. जात्यांना टाकी लावणारा एका गावात बसून कसा राहील? एका गावातील जाती चार दिवसांत संपतात! हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला आणि ते समाज ‘विमुक्त’ म्हणविले गेले. तथापि महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत टकारी हे नाव आजही ‘भामटा’ या नोंदीच्या पोटात येते. भामटा या शब्दाचा मराठीतील अर्थ वेगळा सांगण्याचे कारण नाही. टङ्क या शब्दाशी नाते सांगणारे एक कारागिराचे नाव लुच्चेगिरीच्या शब्दाखाली फाईल झाले, आणि ज्या वस्तूने या नोंदीला उत्तर देता आले असते ती टाकी संग्रहालयाच्या फडताळात जात्याशेजारी क्वचितच ठेवली गेली. संग्रहात काय घ्यावे आणि काय वगळावे ही केवळ रुचीची बाब राहत नाही ती अशा ठिकाणी.

बाळापूरसारख्या बाजारगावाच्या पट्ट्यात हीच गोष्ट आणखी दोन हत्यारवाल्यांबाबत दिसते. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून विळे, खुरपी, कुऱ्हाडी घडविणारा घिसाडी गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतो; भात्यावर बसलेल्या घरच्या माणसाशी तो ज्या बोलीत बोलतो तिची नोंद ग्रियर्सनने भाषिक पाहणीच्या १९०८ च्या भागात गुजरातीच्या बोलींमध्ये ‘तारीमुकी’ या नावाने केली आहे. दगड फोडणाऱ्या वडारांची वडरी त्याच पाहणीत, १९०६ च्या खंडात, तेलुगूची बोली म्हणून आली. तेव्हा एकाच बाजारात विकल्या जाणाऱ्या पाटा-वरवंट्याला आणि विळ्याला विकणाऱ्याच्या घरी एक नाव व घेणाऱ्याच्या घरी दुसरे असू शकते. ऐरण हा शब्द मराठी लोहाराच्या तोंडी ‘अधिकरणी’पासून आला, पालातल्या ऐरणीचे घरगुती नाव विचारावयाचे तर ते पालातच विचारले पाहिजे. मराठी नाव लिहून घेऊन परतणारा संग्राहक अर्धाच शब्द घेऊन परततो.

आणि नाव म्हणजे केवळ नामच नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. संग्रहालयातील चिठ्ठ्या नामांच्या असतात : वाकस, पटाशी, किकरे, सामता, गुण्या, ओळंबा. हत्यार जगते ते क्रियापदात. सुतार वाकसाने तासतो, रंध्याने रंधतो, सामत्याने भोक पाडतो. लोहार धारेला पाणी देतो, बोथट पाते पाजवतो. दळणारी मूठभर दाणे जात्यात वैरते. ‘वैरणे’ हे क्रियापद जात्याबरोबरच व्यवहारातून चालले आहे, आणि ते वाचविण्यास जात्याचा दगड उपयोगी पडत नाही. तासणे आणि रंधणे यांतील फरक कोशात वाचून जेवढा कळतो त्याहून अधिक लाकडावर पडलेल्या खुणांवरून कळतो. पण खूण दाखवून शब्द उच्चारणारा माणूस समोर असला तरच दोन्हींची सांगड बसते. प्लायवूड आणि विजेची यंत्रे यांवर काम करणाऱ्या नव्या सुताराच्या घरी वडिलांची पेटी बहुधा माळ्यावर असते. ती पेटी मोडीत जाण्यास काही वर्षे लागतील. तिच्यातील अर्ध्या हत्यारांची नावे मात्र मुलाला आजच सांगता येत नाहीत.

कळमनुरी तालुक्यातील एखाद्या गावी असा संग्रह उभा करावयाचा असल्यास त्याची नोंदवही ग्रियर्सनच्या पद्धतीची असावी. हत्यार जसे मिळाले तसे, न घासता. त्याची आकृती, आकृतीवर प्रत्येक भागाला बोललेले नाव, ते बोलणाऱ्याचा गाव आणि धंदा. घरची बोली निराळी असल्यास तीतलेही नाव. त्या हत्याराने होणाऱ्या प्रत्येक कृतीचे क्रियापद. आणि आता शक्य आहे म्हणून त्या कृतीचा आवाज. पोत्यातून आणलेल्या शंभर हत्यारांपेक्षा अशी वीस हत्यारे अधिक मोलाची ठरतील. टाकीपासून आरंभ करण्यास हरकत नाही, कारण ती अद्याप मिळू शकते. घरातील जाती थांबली तरी पिठाच्या गिरणीतील दगडांना आजही ठरावीक काळाने टाकी लावावी लागते. गिरणी बंद ठेवून, वरचा दगड बाजूला सारून, गिरणीवाला किंवा त्यासाठी बोलावलेला माणूस हातोडी आणि टाकी घेऊन दगडावर बसतो आणि मध्यापासून कडेकडे घाव घालू लागतो.